फेअरलॉप वॉटर्सच्या तळ्याखाली विमानतळ होता? जाणकारांनी सांगावं

मिरजकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही पूर्व लंडनला, बार्किंगसाइडला राहतो. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फेअरलॉप वॉटर्स नावाचं प्रशस्त उद्यान आहे. मोठं तळं, त्यात शिडाच्या होड्या, एका अंगाला गोल्फ, आणि पोरांना चढायला बांधलेले नकली खडक. आमचे चिरंजीव (वय वर्षं अकरा) शाळा सुटली की तिथंच पडीक असतात.

पलीकडच्या घरात एक आजी आहेत, नव्वदीच्या. परवा त्यांना दुकानातून दूध आणून दिलं तेव्हा बोलता बोलता म्हणाल्या, "आमच्या लहानपणी ते तळंबिळं काही नव्हतं गं. तिथं स्पिटफायर उतरायची." मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन विसरले. चिरंजीव विसरले नाहीत. त्यांनी वर्गात बाईंना ठणकावून सांगितलं की माझ्या बागेत लढाऊ विमानं होती. बाईंनी शांतपणे स्थानिक इतिहासाचा प्रकल्प गळ्यात मारला. आता पुराव्याची जबाबदारी अर्थातच माझ्यावर.

मग मुद्दाम बघत हिंडले. तळ्यामागच्या पायवाटेला लागून ब्लॅकबेरीची काटेरी जाळी माजली आहे. त्यात एका ठिकाणी फरशीसारखं जाड काँक्रीट दिसलं. वरून खरबरीत, त्यातले गोल गोल गोटे उघडे पडलेले, आणि एका कडेला सरळ रेषेत डांबराची काळी पट्टी. नवरा म्हणतो जुनं पार्किंग असेल. पण तिथं पार्किंग कशाला कोण करेल?

तर प्रश्न असे. विमानतळ खरंच होता का, कधी होता, कोण उडायचं तिथून? आणि मुख्य म्हणजे एवढा विमानतळ गेला कुठं? हॉर्नचर्चच्या हवाई तळाबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं, फेअरलॉपचं नाव मात्र येतं ते ओझरतंच. फुकटात किंवा थोडक्या पैशात, घरबसल्या काय काय शोधता येईल तेही सांगा.

चहा_बिनसाखर

होता. आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) फेअरलॉप. १९४१ च्या सप्टेंबरात सुरू झाला, १९४६ ला बंद. हॉर्नचर्चचा उपतळ म्हणून बांधलेला, म्हणून सगळी प्रसिद्धी थोरल्या भावाच्या वाट्याला.

घरबसल्या पहिलं काम: संगणकावरचं गूगल अर्थ उघडा (फोनवरचं नको), बार्किंगसाइडवर जा, वरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारा आणि पट्टी मागं ओढत १९४५ ला न्या. लंडनची त्या वेळची हवाई छायाचित्रं त्यात जोडलेली आहेत. नवऱ्याला शेजारी बसवूनच बघा.

प्रकल्पासाठी एक सावधगिरी. पोरगं 'बॅटल ऑफ ब्रिटन' लिहील, लिहू देऊ नका. ब्रिटनच्या आकाशातली ती जर्मनांविरुद्धची लढाई १९४० च्या जुलै ते ऑक्टोबरमधली. तेव्हा फेअरलॉपला धावपट्टीच नव्हती. इथल्या निम्म्या स्थानिक मंडळींचीही हीच समजूत असते.

खडीवाला

ताई, तुमच्या चारही प्रश्नांपैकी मला चौथ्यात रस आहे: विमानतळ गेला कुठं? कारण त्याचं उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय, "गोल गोल गोटे उघडे पडलेले". मी बत्तीस वर्षं सार्वजनिक बांधकाम खात्यात काढली. आता लेकीकडे न्यूबरी पार्कला वर्षातले काही महिने असतो, आणि सकाळी फिरायला तुमच्याच तळ्यावर येतो. इतिहासाचा माणूस नाही मी, पण काँक्रीट बघितलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे काँक्रीटमध्ये क्रशरची खडी असते, काळ्या दगडाची, टोकदार. तिथं गोटे आहेत, नदीतले असतात तसे गुळगुळीत, तपकिरी-पिवळट. ही चकमक. टेम्स नदी हिमयुगाच्या काळात आजच्यापेक्षा वरच्या पातळीवरून वाहायची, तेव्हा तिनं हे थर टाकले. लंडनच्या पूर्वेला नि पश्चिमेला अशा गोट्या-वाळूच्या सपाट पायऱ्या आहेत. खाली चिकणमाती, वर हा थर. एसेक्सच्या चिकणमातीत पावसाळ्यात (म्हणजे इथं बारा महिने) बूट रुततात, पण या थरावर पाणी थांबत नाही. सपाट आणि निचऱ्याची जमीन, शहराच्या वेशीवर. विमानतळासाठी आणखी काय पाहिजे?

पण ती मोकळी कशी राहिली तेही बघा. हे सगळं हेनॉल्टचं जंगल होतं, राजाचं. फेअरलॉप ओक म्हणून एक अवाढव्य झाड होतं, त्याच्याखाली दर जुलैत जत्रा भरायची. वॅपिंगचा डॅनियल डे नावाचा जहाजांच्या कप्प्या बनवणारा कारागीर आपल्या माणसांना घेऊन यायचा आणि झाडाखाली घेवड्याच्या शेंगा नि डुकराचं मांस यांची पंगत घालायचा. येताना चाकांवर बसवलेली होडी घोड्यांनी ओढत आणायची. त्याची शवपेटीसुद्धा त्याच झाडाच्या पडलेल्या फांदीतून केली म्हणतात. झाड १८२० ला वाऱ्यानं पडलं. मग १८५१ ला कायदा करून जंगलाचा दर्जा काढला आणि बघता बघता झाडी साफ करून शेतं केली. उरलेला तुकडा लोकांनी धडपड करून वाचवला, तो १९०६ पासून सार्वजनिक आहे, तेच आजचं हेनॉल्ट फॉरेस्ट पार्क. म्हणजे विमानांचा शोध लागायच्या आधीच इथं विमानतळाची जमीन तयार करून ठेवलेली!

पहिल्या महायुद्धात पूर्वेला, हेनॉल्ट फार्मवर, विमानं आलीच. जर्मन झेपेलिन (वायूनं भरलेली हवाई जहाजं) आणि पुढं गोथा बाँबफेकी विमानं रात्री लंडनवर यायची. ४४ क्रमांकाचं स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) १९१७ च्या जुलैत तिथंच उभं राहिलं. सॉपविथ कॅमल विमानं रात्री उडवायची म्हणजे वेडेपणा समजला जायचा. २८ जानेवारी १९१८ च्या रात्री याच स्क्वाड्रनच्या हॅकविल आणि बँक्स या दोघांनी विकफर्डजवळ एक गोथा पाडलं. रात्रीच्या अंधारात लढाऊ विमानानं बाँबर पाडल्याची ही पहिली घटना मानतात. आणि पुढं या स्क्वाड्रनचा प्रमुख कोण झाला? आर्थर हॅरिस. तोच, दुसऱ्या महायुद्धात जर्मन शहरं जाळणारा बाँबर हॅरिस.

दोन युद्धांच्या मधे लंडन सिटीच्या कॉर्पोरेशननं ही जमीन विकत घेतली, नागरी विमानतळ करायला. योजना कागदावर असतानाच १९३९ उजाडलं. तर हीथ्रोच्या जागी तुम्ही फेअरलॉपला उतरला असता आणि बार्किंगसाइडला घर घ्यायला तुम्हाला परवडलं नसतं.

आता तुमची फरशी. त्या काळच्या धावपट्ट्यांचं काँक्रीट साधारण सहा इंच जाडीचं, चौकोनी तुकड्यांत ओतलेलं, मधल्या सांध्यांत डांबर. थंडी-उन्हानं काँक्रीट आकुंचन-प्रसरण पावतं, सांधा सोडला नाही तर तडकतं. तुम्ही पाहिलेली काळी पट्टी म्हणजे हा सांधा. टेप घेऊन जा. सांध्यापासून सांध्यापर्यंत मोजा, उघडी असेल तर कडेची जाडीही मोजा, आणि एखादी बाजू लांबवर सरळ जाते का ते पाहा. युद्धकाळात मुख्य धावपट्टी साधारणपणे पन्नास यार्ड रुंद करायचे, आणि विमानतळाला वळसा घालणारा फिरता रस्ता पन्नास फूट. त्यामुळं रुंदी मिळाली तर तुम्ही कशावर उभ्या आहात ते कळतं.

फेअरलॉपला अशा तीन काँक्रीटच्या धावपट्ट्या होत्या. गंमत म्हणजे खुद्द हॉर्नचर्चला गवताचंच मैदान होतं. अंदाजासाठी हिशोब करा: हजार यार्ड लांब, पन्नास यार्ड रुंद, सहा इंच जाड. म्हणजे ३,००० गुणिले १५० गुणिले अर्धा फूट. दोन लाख पंचवीस हजार घनफूट, आपल्या भाषेत २,२५० ब्रास (शंभर घनफुटांचा एक ब्रास). एका धावपट्टीला! तीन धावपट्ट्या, वर फिरता रस्ता, विमानं उभी करायच्या जागा. माझ्या नोकरीत एवढं काम एका हंगामात कुणी मागितलं असतं तर मी रजेवर गेलो असतो.

आणि इथंच सगळी गोम आहे. युद्ध संपलं. बाँबिंगनं लंडन मोडलेलं, घरं बांधायची, रस्ते करायचे. खडी हवी होती, शहराच्या जवळ हवी होती. ती होती कुठं? याच धावपट्ट्यांच्या खाली. ज्या थरामुळं विमानतळ इथं आला, त्याच थरासाठी तो खणून काढला. काँक्रीट फोडलं, वरची माती बाजूला केली, गोटे-वाळू उपसली. काही खड्डे राडारोड्यानं भरले, एकात पाणी साठू दिलं. ते तुमचं तळं. हॉर्नचर्चचं थोड्या उशिरानं तेच झालं: १९६२ ला तळ बंद, मग खडीच्या खाणी, मग भराव, आणि १९८० ला उद्यान. हीथ्रो पण असल्याच थरावर बसलंय, पण तिथं विमानं थांबली नाहीत म्हणून खालची खडी वाचली.

त्यामुळं खुणा शोधायला तळ्याच्या मधे जाऊन उपयोग नाही. जिथं खाण पोचली नाही त्या कडा बघा: कुंपणाच्या रेषा, हद्दीलगतची जाळी, फॉरेस्ट रोडच्या बाजूचा भाग. तुमची फरशी तशाच कडेला आहे, म्हणून वाचली.

चिरंजीवांना माझ्यातर्फे शाबासकी. आणि ते ज्या नकली खडकांवर चढतात ते पण काँक्रीटच असावं. हात लावून बघा म्हणावं.

मिरजकरीण

काका, दंडवत! तुमचा प्रतिसाद लेकाला मोठ्यानं वाचून दाखवला. ब्रास म्हणजे काय ते समजावण्यात अर्धा तास गेला.

गूगल अर्थची युक्ती चालली. तळं नाहीसं झालं आणि तिथं एकमेकींना छेदणाऱ्या फिकट पट्ट्या आल्या. त्यांच्याभोवती गाठी मारलेल्या दोरीसारखा वेडावाकडा रस्ता. नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पार्किंग नव्हतं तर."

आता फरशी त्या चित्रावर बसवून बघायची आहे. रेल्वे मार्ग तेव्हाही तिथंच दिसतोय, त्याचा आधार घेता येईल का? आणि कोण वैमानिक होते ते कुठं सापडेल?

चहा_बिनसाखर

रेल्वे उत्तम. फेअरलॉप स्टेशन १९०३ पासून तिथंच आहे, ट्यूब (लंडनची भुयारी रेल्वे) तिथं आली १९४८ ला. स्टेशन आणि एखादा न बदललेला चौक असे दोन-तीन पक्के बिंदू घ्या आणि आजचं चित्र अर्धपारदर्शक करून वर ठेवा.

स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर जुने ऑर्डनन्स सर्व्हेचे (सरकारी मोजणी खात्याचे) नकाशे आजच्या नकाशाशेजारी फुकट बघता येतात. मात्र तिथं विमानतळ दिसला नाही म्हणून घाबरू नका. लष्करी विमानतळ नकाशावर दाखवायचेच नाहीत असा दंडक होता, त्यामुळं युद्धानंतरच्या नकाशांतही अशा जागी शेतं नाहीतर नुसता कोरा कागद असतो. शेतांच्या ओळी अचानक तुटून मधेच मोठा रिकामा भाग दिसला की समजायचं.

इलफर्डच्या सेंट्रल लायब्ररीत रेडब्रिजचं संग्रहालय आणि स्थानिक दफ्तर आहे, तिथं लेकाला घेऊन जा. जाताना गँट्स हिल स्टेशनवर त्याला सांगा की युद्धात लेटनस्टोन ते गँट्स हिलचे बोगदे अर्धवट बांधून पडले होते, रूळ नव्हते, तर त्यात प्लेसी कंपनीनं विमानांचे सुटे भाग बनवायचा कारखाना घातला होता. दोन हजारांच्या आसपास लोक जमिनीखाली कामाला. वर्गात हे विमानतळापेक्षा जास्त चालेल.

क्यूची_वारी

उशिरा आले धाग्यावर, पण माझ्या आवडीचा विषय निघालाय तर सोडवत नाही.

वैमानिकांसाठी लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागाराला पर्याय नाही. प्रत्येक स्क्वाड्रननं रोजची नोंदवही ठेवायची असा नियम होता. स्क्वाड्रनच्या वह्या 'एअर २७' या मालिकेत, तळांच्या 'एअर २८' मध्ये. २७ मधल्या थोडे पैसे भरून घरी उतरवता येतात. प्रत्यक्ष गेलात तर बघणं फुकट, फोटो काढणं फुकट, फक्त आधी वाचक-कार्ड करायचं, पेन बाहेर ठेवायचं (आत पेन्सिलच) आणि रविवार-सोमवार सोडून जायचं.

वहीत दोन तऱ्हेचे कागद असतात. फॉर्म ५४० म्हणजे दिवसाचा गोषवारा. डावीकडचा पहिला रकाना जागेचा, मग तारीख, वेळ आणि हकीकत. फॉर्म ५४१ म्हणजे तपशील: विमान कुठलं, त्याचा क्रमांक, चालवणारा कोण, कामगिरी काय, वर किती वाजता, खाली किती वाजता. ताई, तुम्ही ५४१ च्या वेळेच्या दोन रकान्यांकडे बघा. वर गेल्याची वेळ आहे आणि खाली आल्याचा रकाना रिकामा, असा कागद समोर आला की पुढचं वाचायला जरा वेळ लागतो.

सुरुवात कुठल्या स्क्वाड्रनपासून करायची? मी सांगते, १२२ पासून. त्याचं पूर्ण नाव माहीत आहे? १२२ (बॉम्बे) स्क्वाड्रन. होय, आपलं मुंबई. मुंबई इलाख्यातून युद्धनिधीला पैसे गेले, त्याबद्दल हे नाव मिळालं. हैदराबादच्या निजामाच्या पैशामुळं नाव मिळालेल्या तुकड्या बऱ्याच जणांना ठाऊक असतात, मुंबईची कुणाला आठवत नाही. हे स्क्वाड्रन एप्रिल १९४२ मध्ये हॉर्नचर्चला आलं, आणि जून ते जुलैच्या मध्यापर्यंत त्याचा मुक्काम तुमच्या फेअरलॉपला होता. ५४० च्या पहिल्या रकान्यात जून महिन्यात जागेचं नाव बदलतं ते लेकाला दाखवा. पुरावा म्हणजे आणखी काय हवं?

काळही वाईट होता. जर्मनांचं नवं लढाऊ विमान फोक-वुल्फ १९० आलेलं आणि त्यापुढं स्पिटफायर पाच (पाचवी आवृत्ती) कमी पडत होतं. चॅनेल ओलांडून फ्रान्सवर जायचं, शत्रूला वर खेचायचं, ही त्या वर्षाची रीत. नोंदवहीत त्याला सर्कस, रोडिओ, रुबार्ब असली नावं दिसतील, लेकाला हसू येईल. सर्कस म्हणजे थोडे बाँबर आणि भोवती लढाऊ विमानांचा मोठा ताफा. रोडिओ म्हणजे बाँबरविना नुसती लढाऊ विमानं. रुबार्ब म्हणजे ढगाळ हवेत दोघा-चौघांनी खालून जाऊन जमेल ते उडवून यायचं. बॉम्बे स्क्वाड्रनचा प्रमुख फ्रान्तिशेक फाइत्ल हा चेक होता. ब्रिटिश लढाऊ स्क्वाड्रनचं नेतृत्व मिळालेला पहिला चेक. नेमणुकीला दोन आठवडेही झाले नव्हते तोवर ५ मे ला तो फ्रान्सवर पाडला गेला, पण जर्मनांच्या हाती न लागता स्पेनमार्गे परत आला. फेअरलॉपचा मुक्काम त्यानंतरचा. आणि तिथं असतानाच, २३ जूनला, एक जर्मन वैमानिक चुकून वेल्समध्ये पेम्ब्रीला उतरला आणि अख्खं फोक-वुल्फ इंग्रजांच्या हाती आलं. जुलै संपता संपता सुधारलेलं स्पिटफायर नऊ हॉर्नचर्चच्याच ६४ स्क्वाड्रनकडं सर्वांत आधी आलं.

१२२ नंतर ८१ स्क्वाड्रन बघा. १९४२ च्या उन्हाळ्यात फेअरलॉप, नोव्हेंबरात उत्तर आफ्रिका, १९४३ सरताना हिंदुस्थान, आणि मग आराकान, इंफाळ. बार्किंगसाइडवरून उडालेलं स्क्वाड्रन मणिपूरवर जपान्यांशी लढलं.

पुढं १९४३-४४ ला फेअरलॉपला टायफून विमानं आली, बाँब घेऊन उडणारी. १९४४ च्या जूनपासून जर्मनांची व्ही-वन (वैमानिकाविना उडणारे बाँब) सुरू झाली आणि त्यानंतर विमानं जाऊन तिथं बॅरेज बलूनचं (हवाई हल्ले अडवायला तारेनं बांधून वर सोडायचे मोठे फुगे) केंद्र झालं. आजींना बलून आठवतात का विचारा. वयाचा हिशोब केला तर १९४२ पेक्षा तेच जास्त आठवत असेल.

कृष्णाकाठ

धागा छान. पण 'आपलं मुंबई' वाचून राहवलं नाही.

तो पैसा कुणाचा होता? एक स्पिटफायर ५,००० पौंडांना 'भेट' देता यायचं, विमानावर देणाऱ्याचं नाव रंगवून मिळायचं. तेव्हा रुपया दीड शिलिंगाचा, म्हणजे एका विमानाचे सासष्ट-सदुसष्ट हजार रुपये. आमचे आजोबा वाळवा तालुक्यातले. ते सांगायचे, मामलेदार गावात आला की युद्धनिधीची पावती आधी फाडायची आणि नाव नंतर विचारायचं. त्यात काही राजेरजवाडे आणि गिरणीमालकांनी हौसेनं दिले असतील, नाही म्हणत नाही. पण 'मुंबईनं दिले' असं सरसकट म्हटलं की पोटात दुखतं.

आणि तारखा बघा. जुलैच्या मध्यात हे स्क्वाड्रन फेअरलॉपहून हॉर्नचर्चला परतलं म्हणता. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'. ९ ला पहाटे सगळे नेते तुरुंगात, मैदानावर अश्रुधूर, अरुणा असफ अलींनी झेंडा लावला. आणि दहा दिवसांनी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डिएपवरील हल्ल्यात हॉर्नचर्चची तुकडी गेली, त्यात हे मुंबईचं नाव लावलेलं स्क्वाड्रन! इकडं मुंबईत लाठ्या, तिकडं मुंबईच्या नावानं स्वातंत्र्यासाठी लढाई. अकरा वर्षांच्या मुलाला प्रकल्पात हे पण लिहू द्या. गवालिया टँकचंही आज मैदान-बागच आहे की.

क्यूची_वारी

अहो कृष्णाकाठ, मुद्दा मान्य, आणि लिहावाच. मी 'आपलं' म्हटलं ते नावाला, पावतीला नाही.

फक्त एक भर. त्याच काळात हिंदुस्थानी वैमानिकही इथं होते. १९४० च्या ऑक्टोबरात चोवीस जणांची तुकडी आली, त्यातले काही आरएएफच्या लढाऊ स्क्वाड्रनमध्ये गेले. महिंदरसिंग पुजी त्यातलेच, पगडी घालून उडायचे. टेम्सपलीकडे ग्रेव्हसेंडला २०१४ पासून त्यांचा पुतळा आहे. ते फेअरलॉपचे नव्हेत, हे मुलाला स्पष्ट सांगा, नाहीतर चांगल्या हेतूनं चुकीची गोष्ट चिकटते. पैसा एका वाटेनं आला, माणसं दुसऱ्या वाटेनं आली, आणि दोन्ही वेळा दिल्लीत विचारलं कुणी नाही. मुलाच्या प्रकल्पात याला एक पान सहज मिळेल.

खडीवाला

माझेही वडील मामलेदाराला पावतीचे पैसे दिलेल्यांतले. घरात तो विषय निघाला की आई ताट आपटायची. असो.

ताई, टेप नेला का? जाडी मोजली की इथं टाका. सहा इंच भरली तर धावपट्टी किंवा फिरता रस्ता, चार भरली तर एखाद्या झोपडीवजा इमारतीचं जोतं. आणि चुन्यासारखी पांढरी कड असलेले काळपट-पिवळे गोटे दिसतात का बघा. ती इथलीच चकमक. एखादा तुकडा सुटा पडला असेल तर फोटो काढा, उचलून आणू नका, जागा नगरपालिकेची आहे.

मिरजकरीण

नेला होता! काटे इतके की बाही फाटली. कडेला जिथं माती खचलीय तिथं मोजलं, सहा इंचांना थोडंसं कमी. सांधा ते सांधा मोजता आला नाही, दुसरा सांधा जाळीच्या पोटात आहे. थंडीत पानं झडल्यावर पुन्हा बघू. पांढऱ्या कडेचे गोटे आहेत, फोटो लेकाच्या वहीत चिकटवला.

आजींना बलूनचं विचारलं. बलूनचं नाव काढताच हसल्या. म्हणाल्या, "चांदीचे हत्ती म्हणायचो आम्ही त्यांना. एकदा एक सुटलं होतं, आमचा भाऊ त्याच्या दोरीमागं पळाला म्हणून आईनं त्याला बडवलं." स्पिटफायरचं मात्र म्हणे थोरल्या बहिणीकडून ऐकलेलं. क्यूची_वारी, तुमचा वयाचा हिशोब बरोबर निघाला.

कृष्णाकाठ, लेकानं एक पान केलंय. डावीकडं फेअरलॉप, उजवीकडं गवालिया टँक, मधे १९४२. बाईंना किती कळेल माहीत नाही, पण त्यानं स्वतःहून केलंय. आता तो विचारतोय की त्या ६७ हजार रुपयांत मिरजेत तेव्हा काय काय आलं असतं. कुणाकडे १९४२ च्या ज्वारीचा किंवा सोन्याचा भाव असेल तर टाका.

पुढच्या आठवड्यात इलफर्डची लायब्ररी, अर्ध्या सुट्टीत क्यू. दुपारी फेअरलॉपला कुणी येणार असेल तर सांगा, काकांना भेटायचंच आहे.

चहा_बिनसाखर

मी येतो. शनिवार-रविवार नको, गोल्फवाले आणि वाढदिवसवाले मिळून गाडी लावायला जागा ठेवत नाहीत. सेंट्रल लाइननं या. हेनॉल्टच्या वळशाची गाडी बघून बसा, एपिंगच्या गाडीत बसलात तर वूडफर्डला पोचाल. सोन्याचा भाव आमच्या आजीच्या चोपडीत आहे, घरी फोन करून विचारतो.